कोविड-१९ महामारीच्या काळातील महाराष्ट्रातील गृहपाठ व विद्यार्थ्यांवरील ताण

कोविड-१९ महामारीमुळे मार्च २०२० पासून महाराष्ट्रातील शाळा प्रदीर्घ काळ बंद राहिल्या आणि वर्गातील अध्यापनाचा मोठा भाग गृहपाठाच्या रूपाने विद्यार्थ्यांच्या घरी गेला. शाळेत शिकवलेल्या पाठाचा सराव, हा गृहपाठाचा मूळ हेतू होता. या काळात मात्र अनेक विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ हाच पाठ ठरला. साधनांचा अभाव, परीक्षांविषयीची अनिश्चितता, घरातील आजारपण व आर्थिक ओढाताण, मित्रांपासूनचा दुरावा यांमुळे विद्यार्थ्यांवर जो ताण आला, त्याचा गृहपाठाच्या या बदललेल्या स्वरूपाशी जवळचा संबंध होता. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेच्या (युनेस्को) माहितीनुसार महामारीच्या शिखरकाळात जगातील १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळा-महाविद्यालये बंद झाल्याने बाधित झाले होते. महाराष्ट्रात पहिलीचे वर्ग सरसकट भरू लागण्यास डिसेंबर २०२१ उजाडले.

पार्श्वभूमी

महामारीपूर्वी महाराष्ट्रातील शाळांत गृहपाठाचे स्वरूप बहुतांशी लेखी होते. पाठ्यपुस्तकातील स्वाध्याय सोडवणे, शुद्धलेखन, पाढे, निबंध, वहीतील अपूर्ण काम पुरे करणे आणि सुटीत प्रकल्प करणे, अशी त्याची रूढ पद्धत होती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ लागू झाल्यावर राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धत स्वीकारली. तीत आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत स्वाध्याय, प्रकल्प आणि उपक्रम यांना स्थान मिळाल्याने घरी केलेल्या कामाला गुणांचे वजन आले. इयत्ता दहावी व बारावीच्या पातळीवर मात्र वर्षाअखेरची लेखी परीक्षाच निर्णायक राहिली.

गृहपाठाच्या ओझ्याविषयीची चर्चा जुनी आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला होता. महामारी सुरू असतानाच, २०२० च्या अखेरीस, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दप्तराविषयीचे धोरण प्रसृत केले. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि माध्यमिक वर्गांसाठी दिवसाला जास्तीत जास्त २ तास असावा, अशी मर्यादा सुचवली आहे. ज्या वर्षी मुलांचा जवळजवळ सगळा अभ्यास घरीच होत होता, त्याच वर्षी ही मर्यादा आली. त्यामुळे ती प्रत्यक्षात मोजणार कशी, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

शाळा बंद राहण्याचा कालक्रम

राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. मार्चच्या मध्यापासून शाळा बंद करण्यात आल्या आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द होऊन विद्यार्थी वरच्या वर्गात गेले. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष शाळेच्या इमारतीविनाच सुरू झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले होते. त्यामुळे उत्तर कोकणातील अनेक गावांत वर्षारंभी वीज व मोबाइल सेवाही विस्कळीत होती.

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून स्थानिक परिस्थितीनुसार उघडण्यास परवानगी मिळाली. मुंबईसारख्या शहरांतील शाळा तेव्हाही बंदच राहिल्या. दुसऱ्या लाटेत हे वर्गही थांबले. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे, तर ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरी भागात आठवीपासून पुढचे वर्ग भरू लागले. १ डिसेंबरपासून पहिलीपासूनच्या वर्गांना परवानगी मिळाली. मुंबई व पुण्यात त्यासाठी डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन प्रकाराच्या लाटेत शाळा पुन्हा काही काळ बंद झाल्या व २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. मार्च २०२० मध्ये बालवाडीत असलेले मूल या हिशेबाने प्रथमच पूर्ण शालेय वर्ष वर्गात बसले ते तिसरीत.

गृहपाठाचे बदललेले स्वरूप

टाळेबंदीच्या पहिल्याच महिन्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही दैनंदिन अभ्यासमाला सुरू केली. इयत्तानिहाय अभ्यासाचे दुवे व कृती परिषदेकडून जिल्ह्याला, तेथून तालुक्याला, केंद्रप्रमुखांना, शिक्षकांना आणि अखेरीस पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत, अशा साखळीने पोहोचत. दीक्षा ॲप आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड यांचाही आधार घेण्यात आला. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकीय प्रतींच्या रूपात विनामूल्य उपलब्ध होती.

शाळांच्या पातळीवर रूढ झालेली पद्धत साधारण सारखीच होती. सकाळी शिक्षक गटावर पाठाची चित्रफीत किंवा पुस्तकातील पानांची छायाचित्रे आणि त्याखाली गृहपाठ पाठवत. विद्यार्थ्याने तो वहीत लिहून पानांचे छायाचित्र काढून परत पाठवायचे आणि शिक्षकाने ते मोबाइलच्या पडद्यावर तपासायचे. चाचण्या गूगल फॉर्मवर होत. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याने व्हॉट्सॲपवर आधारित ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू केला. त्यात दर आठवड्याला विषयानुसार वस्तुनिष्ठ प्रश्न येत आणि उत्तरे चुकल्यास संबंधित घटकाची चित्रफीत सुचवली जाई.

या पद्धतीचे दोष लवकरच दिसून आले. एका वर्गाच्या पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वह्यांची प्रत्येकी तीन-चार पाने रोज येऊ लागल्यावर शिक्षकांच्या फोनची साठवण भरून जाई. अंधूक, तिरप्या छायाचित्रांतील अक्षर लावणे कठीण होई आणि तपासणी पुष्कळदा अंगठ्याच्या चिन्हापुरती उरे. चूक कोठे झाली हे मुलाला कळत नसे. वर्गात शिक्षक बाकांमधून फिरताना ज्या चुका जागच्या जागी सुधारतात, त्यांना येथे वाव नव्हता. लहान वर्गांत आई, वडील वा मोठ्या भावंडांनी गृहपाठ लिहून देण्याचे प्रमाण वाढले. गृहपाठ पूर्ण असल्याची खूण आणि मूल शिकल्याची खूण या दोन गोष्टी त्यामुळे एकमेकींपासून सुटल्या. शाळेची वेळही पुसट झाली. फोन ज्यांच्याकडे असे ते वडील कामावरून संध्याकाळी परतत, त्यानंतर मुले सकाळचा गृहपाठ पाहत आणि रात्री उशिरा शिक्षकांकडे वह्यांची छायाचित्रे जाऊ लागत. शिक्षकांची स्थितीही सोपी नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांना सर्वेक्षण, विलगीकरण कक्ष, तपासणी नाके यांवरील कामे आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतील घरभेटी करून अध्यापन सांभाळावे लागले.

पडद्यासमोरील वेळेवर शासनाने मर्यादा घातली. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांहून अधिक, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोनहून अधिक आणि नववी ते बारावीसाठी चारहून अधिक तासिका ऑनलाइन घेऊ नयेत असे सुचवले होते. राज्याने त्याच महिन्यात साधारण याच धर्तीचे वेळापत्रक दिले. मात्र या मर्यादा थेट तासिकांच्या होत्या. तासिकेनंतरच्या गृहपाठासाठी फोन हाती धरावा लागे, तो वेळ त्यांत धरला गेला नव्हता. खासगी शाळा व शिकवण्या यांचे तास एकत्र केल्यास शहरी विद्यार्थ्यांचा दिवस या मर्यादांपेक्षा बराच लांबत असे.

साधनांची विषमता

‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार सप्टेंबर २०२० मध्ये देशातील ग्रामीण भागातील ६१.८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून कोणतेही अध्ययन साहित्य मिळालेले विद्यार्थी मात्र सुमारे एक तृतीयांशच होते. २०२१ च्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण ६७.६ टक्के झाले, परंतु अशा घरांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरी फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांतील हे अंतर गृहपाठाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एकाच घरात दोन-तीन भावंडे असल्यास दहावीच्या मुलाला प्राधान्य मिळे आणि धाकट्यांचा अभ्यास मागे पडे. उलट पाठ्यपुस्तक ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे होते, म्हणजे सर्वांत दूरवर पोहोचलेले साधन छापील पुस्तकच होते.

सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या डोंगराळ भागांत फोन असूनही ‘रेंज’ नसे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात पशुवैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर संपर्क मिळणाऱ्या जागी झोपडी उभारून पावसाळ्यात अभ्यास केल्याची बातमी ऑगस्ट २०२० मध्ये राज्यभर गाजली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले. गावात मनोरा का नाही, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. आश्रमशाळांची वसतिगृहे बंद झाल्याने आदिवासी विद्यार्थी पाड्यांवर परतले होते. त्यांच्यापर्यंत कृतिपुस्तिका पोहोचवण्यासाठी आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’ उपक्रम राबवला.

इंटरनेटवर अवलंबून नसलेले काही प्रयोग या काळात पुढे आले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनशी संलग्न प्रतिष्ठानाने तयार केलेली पहिली ते आठवीसाठीची ‘टिलीमिली’ मालिका जुलै ते सप्टेंबर २०२० या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर प्रसारित झाली. घर, अंगण आणि परिसर यांतील वस्तू वापरून पालकांसोबत करावयाच्या कृतींवर तिचा भर होता. दहावी-बारावीसाठी त्याच वाहिनीवर ‘ज्ञानगंगा’ कार्यक्रम होता. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा परिसरातील पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ भरली. सोलापुरातील नीलमनगर या कामगार वस्तीत घरांच्या बाहेरील भिंतींवर अक्षरे, व्याकरण व गणिताची सूत्रे रंगवण्यात आली. इतरत्र शिक्षकांनी पारावर, मंदिराच्या ओवरीत वा अंगणात चार-पाच मुलांचे गट बसवले आणि छापील स्वाध्यायपत्रिका घरोघर नेऊन आठवड्याने परत गोळा केल्या. गृहभेटींतून तपासल्या गेलेल्या या पत्रिकांवर शिक्षकाचा शेरा लेखी असे. मोबाइलवरील तपासणीत हाच भाग गळला होता.

ताणाची कारणे व लक्षणे

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) जानेवारी ते मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी केली. तिच्या सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. ५१ टक्के विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकणे अवघड गेले होते, तर २८ टक्के विद्यार्थी प्रश्न विचारण्यास कचरत होते. ४३ टक्के विद्यार्थ्यांनी मनःस्थिती वारंवार बदलत असल्याचे नोंदवले.

गृहपाठाशी निगडित ताणाचे काही प्रकार वर्गातील ताणाहून वेगळे होते. शाळेत न समजलेली गोष्ट शेजारच्या मित्राला विचारता येते आणि इतरांनाही ती समजली नाही हे पाहून मुलाला धीर येतो. घरी मूल एकटे असल्याने न समजणे हा आपलाच कमीपणा आहे असे त्याला वाटू लागे. गटावर इतरांचे पूर्ण झालेले गृहपाठ दिसत राहिल्याने मागे पडल्याची जाणीव दिवसभर सोबत राही. अपूर्ण काम साचत गेल्यावर ते सुरूच न करण्याकडे कल होई. याला आळस समजून रागावल्यास टाळाटाळ आणखी वाढे. झोपेच्या वेळा बिघडणे, डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, चिडचिड, भूक मंदावणे, लहान मुलांत हट्ट किंवा अंगठा चोखण्यासारख्या जुन्या सवयी परतणे, ही लक्षणे पालक व बालरोगतज्ज्ञांना आढळत होती.

घरची परिस्थिती हा ताणाचा दुसरा स्रोत होता. एका खोलीच्या घरात अभ्यासासाठी शांत कोपरा नसे. रोजगार गेलेल्या कुटुंबांत मोबाइलच्या रिचार्जचा खर्चही जाणवे. मुलींच्या वाट्याला घरकाम व धाकट्यांचा सांभाळ अधिक आला. दुसऱ्या लाटेत अनेक मुलांनी आई, वडील वा आजी-आजोबा गमावले. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये घेतला. अशा मुलांच्या बाबतीत गृहपाठ न येण्याचे कारण शोक हे होते आणि घरभेट वा फोन केल्याशिवाय ते शिक्षकाला कळणे शक्य नव्हते.

परीक्षा व मूल्यमापन

परीक्षांविषयीच्या सततच्या बदलांनी मोठ्या विद्यार्थ्यांची अनिश्चितता वाढवली. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा एकच पेपर उरला होता. तो आधी पुढे ढकलण्यात आला आणि एप्रिलमध्ये रद्द होऊन इतर विषयांच्या सरासरीने गुण देण्यात आले. जुलै २०२० मध्ये पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. ही कपात २०२१-२२ मध्येही कायम राहिली.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा प्रथम लांबवली गेली, मग एप्रिलमध्ये रद्द झाली. जूनमध्ये बारावीचीही परीक्षा रद्द करण्यात आली. दहावीच्या निकालासाठी ठरवलेल्या सूत्रात १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालाचे, ३० गुण दहावीतील वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे आणि २० गुण दहावीतील गृहपाठ, तोंडी परीक्षा किंवा प्रात्यक्षिकाचे होते. मंडळाच्या प्रमाणपत्रातील गुणांत गृहपाठाला एवढे स्पष्ट स्थान मिळाल्याचे हे विरळ उदाहरण आहे. वर्षभर ‘फक्त सराव’ म्हणून दिलेले काम मागाहून गुणपात्र ठरल्याने ते नियमित पाठवू शकलेले आणि फोनअभावी पाठवू न शकलेले विद्यार्थी यांच्यात कितपत न्याय झाला, हा प्रश्न शिल्लक राहिला. १६ जुलै २०२१ रोजी जाहीर झालेला निकाल ९९.९५ टक्के लागला. आदल्या वर्षी तो ९५.३० टक्के होता.

निकालाने विद्यार्थ्यांची चिंता संपली नाही. अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी सामाईक प्रवेश परीक्षा योजण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी ती रद्द ठरवली आणि दहावीच्या गुणांवरच प्रवेश देण्यास सांगितले. परीक्षा नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकलेल्या विद्यार्थ्यांनी दोन महिन्यांत पुन्हा पुस्तके उघडली होती, ती परीक्षेच्या ११ दिवस आधी मिटवावी लागली.

३१ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत धारावी येथे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या निवासस्थानाजवळ विद्यार्थी मोठ्या संख्येने जमले. वर्ष ऑनलाइन झाले असल्याने परीक्षाही ऑनलाइन घ्यावी, अशी त्यांची मागणी होती. शासनाने परीक्षा लेखीच घेतली, मात्र त्यात सवलती दिल्या. परीक्षा ७५ टक्के अभ्यासक्रमावर झाली, केंद्र शक्यतो स्वतःच्या शाळेत मिळाले आणि मोठ्या प्रश्नपत्रिकांना ३० मिनिटे व लहान प्रश्नपत्रिकांना १५ मिनिटे जादा वेळ देण्यात आला. दोन वर्षे बहुतेक लेखन मोबाइलवर वा तुटकपणे झाल्याने लेखनाचा वेग मंदावला होता. त्यामुळे जादा वेळेची सवलत विशेष उपयोगाची ठरली.

ताण कमी करण्याचे उपाय

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये विद्यार्थी, शिक्षक व पालकांच्या मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम व त्याची दूरध्वनी सेवा सुरू केली. संकटातील बालकांसाठीची १०९८ ही सेवा आधीपासूनच कार्यरत होती. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही २४ तासांची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे.

गृहपाठाच्या नियोजनाबाबत या काळात शिक्षकांच्या अनुभवातून काही पद्धती रुजल्या. सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून दिवसाचा एकच गृहपाठ ठरवणे, रोजच्या मुदतीऐवजी आठवड्याची मुदत देणे, सर्व प्रश्नांऐवजी निवडक दोन-तीन प्रश्न देऊन ते नीट तपासणे आणि लेखी उत्तराला पर्याय म्हणून ध्वनिमुद्रित उत्तर स्वीकारणे, या त्यांपैकी प्रमुख होत. स्वयंपाकातील मापे, किराणा मालाचा हिशेब, आजीकडून ऐकलेली गोष्ट लिहून काढणे, पावसाची नोंद ठेवणे यांसारखे घरातच करता येणारे गृहपाठ साधनांवाचूनही होत आणि शाळेत न गेलेले पालकही त्यांत सहभागी होऊ शकत. साचलेले काम माफ करून नव्याने सुरुवात करू देणे ही सर्वांत साधी सवलत होती. बिनखर्चाची असूनही ती सर्वत्र दिली गेली नाही, कारण नोंदवह्यांतील रकाने भरण्याचे बंधन शिक्षकांवर कायम होते.

घरच्या पातळीवर झोपेची व जेवणाची वेळ ठरलेली असणे, अभ्यासाचे २०-३० मिनिटांचे तुकडे पाडून मधे उठून फिरणे, रात्री झोपण्यापूर्वी पडदा बंद ठेवणे आणि मित्रांशी अभ्यासाव्यतिरिक्त बोलू देणे यांचा उपयोग होतो. पालकांनी गृहपाठ स्वतः लिहून देण्याऐवजी शेजारी बसणे आणि मुलाला जमले नाही हे शिक्षकाला तसेच कळवणे अधिक हिताचे मानले जाते. उदासीनता, खाण्या-झोपण्यातील बिघाड वा एकलकोंडेपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास अथवा मुलाने जगणे नको झाल्याचे बोलून दाखवल्यास विनाविलंब डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घेणे आवश्यक असते.

नंतरचा काळ

अध्ययनातील तूट भरून काढण्यासाठी राज्याने १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ या काळात दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला. त्यात मागील इयत्तेच्या महत्त्वाच्या घटकांच्या कृतिपत्रिका व तीन चाचण्या होत्या. शाळा बंदच असल्याने हा अभ्यासक्रमही प्रामुख्याने गृहपाठ म्हणूनच करावा लागला.

‘असर’च्या पाहण्यांनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. पैसे देऊन शिकवणी लावणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण याच चार वर्षांत २६.४ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर गेले. शाळा पूर्ववत झाल्यावरही वर्गांचे व्हॉट्सॲप गट बहुतेक ठिकाणी टिकून राहिले. सुटीच्या दिवशी व संध्याकाळी गृहपाठ पाठवण्याची महामारीतील रीत त्यांच्याद्वारे आजही अनेक शाळांत सुरू आहे.